‘कोट्यवधींचा निधी मंजूर’ या पोस्टमागे नक्की काय असतं, आणि हिशोब मागायचा तो कुणाकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे की आमच्या आमदारांच्या पेजवर दर दोन दिवसांनी कोटींचा निधी मंजूर झाल्याची पोस्ट पडते, गावाचा रस्ता मात्र तीन पावसाळे झाले तसाच, मग यात खोटं कोण बोलतंय, आणि विचारायला गेलं की लगेच ‘हा विरोधकांचा माणूस’ म्हणतात तर विचारायचं तरी कसं. मी बरीच वर्षं लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात बसून हेच काम केलंय, म्हणजे प्रेसनोट, पोस्ट, भाषणाचे मुद्दे, पाच वर्षांचा चकचकीत कार्यअहवाल, सगळं. आता दुसऱ्या बाजूने लोकांना कागद वाचायला मदत करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, महाराष्ट्रापुरतंच लिहितो कारण नियम आणि कार्यालयं सगळीकडे सारखी नसतात.

पहिली गोष्ट, ती पोस्ट बहुतेक वेळा खोटी नसते. हे ऐकून लोकांना राग येतो पण खरंय. ज्याला काम कळतं असा प्रसिद्धीवाला धडधडीत खोटं लिहीतच नाही, कारण खोटं उद्या कुणीतरी पकडतं आणि मग साहेबांसमोर उभं राहावं लागतं. तो फक्त एवढंच करतो की काम कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगत नाही. अख्खा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

एका रस्त्याचा प्रवास सांगतो म्हणजे लक्षात येईल. समजा ४ कोटींचा रस्ता आहे. आधी साहेब मंत्र्यांना निवेदन देतात, फोटो निघतो, मंत्री त्या पत्रावर शेरा मारतात. शेऱ्यातही प्रकार आहेत, ‘तपासून सादर करावे’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पत्र खाली गेलं, बस, आणि ‘विशेष बाब म्हणून मंजूर’ असेल तर थोडी आशा. पण पोस्टमध्ये शेरा कुणी वाचत नाही, मंत्री सही करतायत एवढंच दिसतं. ही झाली पहिली पोस्ट. मग अधिवेशनात अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत कामाचं नाव येतं, दुसरी पोस्ट, ‘४ कोटी मंजूर’. इथे गंमत बघा, कामाची किंमत ४ कोटी असते पण त्या वर्षासाठी ठेवलेली तरतूद कित्येकदा काही लाखांचीच असते, बाकीचे पुढच्या वर्षांत बघू. पोस्टमध्ये कुठला आकडा जातो ते सांगायला नको. मग प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघतो, तिसरी पोस्ट. त्यानंतर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश, यावर सहसा पोस्ट येत नाही कारण फोटो नसतो, आणि नेमकं इथेच काम महिनोन्महिने अडकतं. मग भूमिपूजन, नारळ, कुदळ, चौथी पोस्ट. मग काम सुरू असताना पाहणी दौरा, अधिकाऱ्यांना सूचना देताना, पाचवी. मग लोकार्पण.

म्हणजे एक रस्ता आणि सहा पोस्ट. आता कार्यअहवाल करायला बसलं की या सगळ्या पोस्टचे आकडे ऑपरेटर एकाखाली एक टाकतो आणि बेरीज मारतो, ४ कोटींचे १२ कोटी कधी होतात कुणाला कळतही नाही. मुद्दाम केलंच पाहिजे असं नाही, आपोआप होतं, आणि झालं की कुणाला दुरुस्त करावंसं वाटत नाही. वर तोच रस्ता खासदारांच्या अहवालात, झेडपी सदस्याच्या अहवालात आणि मागच्या निवडणुकीत पडलेल्या पण सत्ताधारी पक्षात असलेल्या उमेदवाराच्या बॅनरवर पण असतो.

त्यामुळे ‘साहेबांनी ३०० कोटी आणले’ असं दिसलं की आधी साधं गणित करा. महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी आहे, खासदार निधी म्हणजे १९९३ पासून चालू असलेली एमपीलॅड, तीही वर्षाला ५ कोटी. पाच वर्षांचे झाले २५ कोटी. खासदार निधीत तर २०२०-२१ ला कोरोनामुळे योजनाच थांबवली होती. आणि यातही खासदार काम सुचवतो, म्हणजे शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची असते, पैसा त्याच्या हातात येत नाही. मग उरलेले पावणेतीनशे कोटी कुठले? ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, ग्रामसडक योजनेचे, जलजीवन मिशनचे, जिल्हा नियोजन समितीचे, ग्रामविकास खात्याच्या २५१५ लेखाशीर्षाचे, म्हणजे बजेटमधल्या त्या क्रमांकाच्या खर्चाच्या खात्याचे. गावात ‘२५१५ मधून आणलाय’ असं म्हणतात ना, ते हेच. यातले काही त्या माणसाने खरंच धावपळ करून आणलेले असतात, काही त्या योजनेत गावाचा नंबर लागणारच होता म्हणून आलेले असतात. बॅनरवर दोन्हीखाली ‘पाठपुराव्याला यश’ असंच लिहिलेलं असतं.

आणि पाठपुरावा ही थाप आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. मंत्रालयात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपली आपण जात नाही, तिच्यामागे माणूस लागतो, आणि जो आमदार स्वतः किंवा त्याचा पीए डेस्क ऑफिसरकडे चार चकरा मारतो त्याच्या मतदारसंघात कामं जास्त येतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त तो पाठपुरावा कागदावर सापडतो. पत्राची तारीख, आवक नोंद, त्यानंतर किती दिवसांनी मान्यता आली हे सगळं फाइलमध्ये असतं. शासन निर्णय आधी निघालाय आणि साहेबांचं मागणीपत्र त्यानंतरच्या तारखेचं आहे, असंही सापडतं बरं का.

तर पोस्ट दिसली की तुम्ही एकच विचारायचं, काम आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे आणि त्या टप्प्याचा कागद कुठला. प्रशासकीय मान्यता झाली म्हणतायत तर शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख. राज्य शासनाच्या वेबसाइटवर शासन निर्णय खात्यानुसार मिळतात, त्यावर लांबलचक संगणक संकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना, दिवस असेच असतात, त्यामुळे खरा कधी निघाला ते तिथेच कळतं. भूमिपूजन झालं म्हणतायत तर कार्यादेश कधी दिला. हा प्रश्न जरूर विचारा, कारण कार्यादेशच नसताना कुदळ मारायचे प्रकार होतात, विशेषतः आचारसंहिता लागायच्या आधीच्या पंधरवड्यात, तेव्हा तर एका दिवसात इतकी भूमिपूजनं असतात की नारळ गाडीतच भरून ठेवलेले असतात. काम पूर्ण झालं म्हणतायत तर मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला.

मोजमाप पुस्तिकेवर थोडं जास्त बोलतो कारण सगळ्यात कामाचा कागद तोच. खात्यात सगळे त्याला एमबी म्हणतात. कनिष्ठ किंवा शाखा अभियंता जागेवर मोजून त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहितो, उपअभियंता तपासतो, आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघतं. म्हणजे सरकारने नेमके कशाचे पैसे दिले हे एमबीत असतं, बॅनरवर नाही. समजा एमबीत थर १५ सेंटीमीटर लिहिलाय आणि रस्त्याच्या कडेला उखडलेल्या जागी पट्टी लावली तर ९ भरतोय, तर तुम्हाला ‘पैसे खाल्ले’ वगैरे म्हणायची गरजच राहत नाही. म्हणूही नका. ‘खाल्ले’ म्हटलं की सिद्ध करायचं तुमच्यावर येतं आणि बदनामीची नोटीस येते, ‘एमबीत १५ आहे, जागेवर ९ भरतंय, खुलासा द्या’ म्हटलं की सिद्ध करायचं अभियंत्यावर येतं.

दुसरी गोष्ट जी फार कमी लोक बघतात ती दोषदायित्व कालावधी, म्हणजे डीएलपी. काम झाल्यावर ठरावीक वर्षं रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर ही मुदत ५ वर्षांची असते आणि फलकावर लिहिलेली पण असते. आता अशा रस्त्यावर दोन वर्षांत खड्डे पडले आणि साहेबांची पोस्ट आली की ‘रस्ता दुरुस्तीसाठी ६० लाख मंजूर’, तर खाली टाळ्या वाजवायच्या आधी विचारा की डीएलपी संपला का? नसेल तर हे ६० लाख कशाला? ठेकेदाराला नोटीस का नाही दिली? त्याची सुरक्षा ठेव अजून खात्याकडे आहे का? मी इतक्या पत्रकार परिषदा बघितल्या, पण हा प्रश्न क्वचित ऐकला, आणि जेव्हा कुणी विचारला तेव्हा स्टेजवरचे अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. तुमच्या तीन पावसाळ्यांच्या रस्त्याबाबत मी हाच प्रश्न पहिला विचारला असता.

आता ‘सभागृहात आवाज उठवला’ या प्रकाराकडे. चाळीस सेकंदांची क्लिप, मागे म्युझिक, वाघाचा फोटो. क्लिपमध्ये नेमकं काय चाललंय ते बघा. औचित्याचा मुद्दा असेल तर तो सदस्य वाचून दाखवतो, मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलंच पाहिजे असं नसतं, सभागृहात माणसं पण फारशी नसतात. लक्षवेधी, म्हणजे एखाद्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना असेल तर मंत्र्याला निवेदन करावं लागतं, उपप्रश्न होतात, आणि तिथे जे ‘तीन महिन्यांत चौकशी करू’ वगैरे म्हटलं जातं ते आश्वासन म्हणून नोंदलं जाऊ शकतं. विधिमंडळाची आश्वासन समिती यासाठीच असते, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पुढे पाळला का हे बघायला. बाहेर सभेत दिलेल्या शब्दाला असं कुणी वाली नाही. म्हणून आमदारांना विचारा की लक्षवेधीवर मिळालेलं उत्तर पूर्ण टाका ना, फक्त तुमचा प्रश्न कशाला टाकता.

तारांकित प्रश्नांची छापील उत्तरं वाचायची सवय लावा, मजा येते खरंच. ठरलेला साचा असतो, (१) अमुक रस्त्याचे काम निकृष्ट झाले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास विलंबाची कारणे काय. आणि उत्तर, (१) हे खरे नाही, (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. झालं! साहेबांची पोस्ट ‘निकृष्ट कामावर सरकारला धारेवर धरलं’ अशी आणि सरकारचं लेखी उत्तर ‘प्रश्न उद्भवत नाही’. पण ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर ते कापून जपून ठेवा, कारण खात्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली ती कबुली असते, पुढे तक्रार करताना त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही.

सरकारच्या स्वतःच्या कागदाची ताकद काय असते याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण सिंचनाचं. २०१२ मध्ये जो गदारोळ झाला, त्याची ठिणगी विरोधकांच्या भाषणातून नाही पडली, राज्याच्याच आर्थिक पाहणी अहवालातल्या आकड्यातून पडली, की दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचं दिसतंय. मग खर्च झालेले हजारो कोटी गेले कुठे यावर राज्यभर चर्चा झाली आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. त्या आकड्याच्या अर्थावर पुढे बराच वाद झाला, राजकारण झालं, तो वेगळा विषय. पण सुरुवात अशा एका अहवालातून झाली जो दरवर्षी छापला जातो आणि बहुतेक जण उघडून बघत नाहीत.

जाहिरातींचं पण सांगतो, कारण यात लोक गल्लत करतात. सरकारी पैशाने दिलेली जाहिरात वेगळी आणि पक्षाची किंवा ‘मित्रमंडळा’ची वेगळी. सरकारी जाहिरातींबद्दल सुप्रीम कोर्टाने १३ मे २०१५ ला कॉमन कॉज या संस्थेच्या प्रकरणात सांगितलं होतं की त्या सत्ताधारी पक्षाच्या प्रचारासाठी वापरायच्या नाहीत, आणि फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश यांचे चालतील. राज्यांनी ओरड केली, मग मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांचेही फोटो चालतील असं झालं. फोटोची दारं उघडली पण मजकूर पक्षप्रचाराचा नसावा ही अट तशीच आहे. खाजगी बॅनर असेल तर तो परवानगीने लागलाय का हे पालिकेला विचारता येतं. आणि फेसबुकवर राजकीय जाहिरात पैसे देऊन चालवली असेल तर पैसे कुणी दिले ते जाहिरातीवर लिहावं लागतं, मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत अंदाजे खर्चही दिसतो. ‘अमुक तालुका बोलतोय’ नावाचं निष्पक्ष वाटणारं पेज कोण चालवतं हे तिथे कधीकधी पाच मिनिटांत कळतं. निवडणुकीच्या काळात तर उमेदवाराला आपली सोशल मीडिया खाती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागतात आणि त्यावरचा प्रचाराचा खर्च हिशोबात धरावा लागतो, पण असली निनावी पेजं त्या हिशोबातून सहज निसटतात.

आता खरा अवघड भाग, विचारायचं कसं. ‘विरोधकांचा माणूस’ हा शिक्का हा सुद्धा पीआरचाच भाग आहे, तो आपोआप लागत नाही, लावला जातो. प्रश्नाला उत्तर नसलं की प्रश्न विचारणाऱ्याबद्दल बोलायचं, ऑफिसमध्ये हे सरळ ठरवून होतं, दोन कार्यकर्त्यांना कमेंटमध्ये बसवलं जातं, तुमच्या जुन्या पोस्ट शोधल्या जातात, कुठल्या तरी नेत्याबरोबरचा लग्नातला फोटो सापडतोच. यावर उपाय म्हणजे नेत्याला प्रश्न विचारूच नका, निदान पहिल्यांदा तरी. अधिकाऱ्याला विचारा. उपअभियंत्याला लेखी पत्र, विषय एक, रस्त्याचं नाव नेमकं, साखळी क्रमांक (रस्त्यावरचं नेमकं अंतर दाखवणारा आकडा) माहीत असेल तर तो, आणि पोच घ्या. साहेबांचं नावही त्यात नको. मग तुमच्यावर राजकारणाचा आरोप करायला जागाच नाही, आणि गंमत म्हणजे ते पत्र गेलं की दोन दिवसांत साहेबांच्या ऑफिसला कळतंच.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. अर्ज आमदारांच्या नावाने करू नका, काम करणाऱ्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा, म्हणजे बांधकाम विभाग, झेडपी, जिल्हा नियोजन कार्यालय, ज्याचं काम असेल ते. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा आहे, फी १० रुपये. ‘रस्ता का झाला नाही’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती म्हणत नाहीत आणि अर्ज तिथेच मरतो. कागद मागा, प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यादेश, करारनाम्यातलं डीएलपीचं पान, एमबीची प्रत, अदा केलेल्या देयकांची प्रत. किंवा त्याहून बरं, फाइलची पाहणी मागा. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा पण अधिकार आहे, डांबराचा तुकडा मागता येतो म्हणजे! जिल्हास्तरावरच्या आणि खालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना अभिलेख बघू द्यावेत असाही शासनाचा निर्णय आहे, अर्ज न करता बघता येतं, तिथे गेल्यावर ‘असं काही नसतं’ म्हणतील, तो शासन निर्णय प्रिंट काढून खिशात ठेवा. ३० दिवसांत माहिती नाही आली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ते मात्र चुकवू नका. दुसरं अपील माहिती आयोगाकडे ९० दिवसांत करता येतं पण तिथे रांग फार मोठी आहे, त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, अर्धी माहिती तिथेच मिळते कारण वरिष्ठासमोर बसायचं म्हटलं की खालचा माणूस आदल्या दिवशी फाइल शोधतो.

कागद हातात आले की ते काय करायचे यात बरेच जण घाई करतात. लगेच ‘पर्दाफाश’ म्हणून टाकू नका. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, त्यात फार काही नव्हतं, हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचायची, ज्याचं नाव आलं त्याने उठून सांगायचं की मला मजुरी मिळाली किंवा नाही मिळाली. पुढे त्यातूनच माहिती अधिकाराच्या मागणीला जोर आला. आपल्याकडे ग्रामसभा आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तिथे एमबीतलं एक पान वाचा, स्वतःचं भाषण करू नका, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, सांगा की इतिवृत्तात घ्या, घेतलं का ते सही करताना बघा. पेपरच्या बातमीदाराला पण आरोप देऊ नका, कागदाची प्रत द्या, त्याला छापणं सोपं जातं आणि त्याच्या संपादकाला नाही म्हणणं अवघड जातं.

आणि साहेब खरंच भेटायला बोलवतील, तेही होतं. बोलावलं तर जा, एकटे नको, दोघंतिघं. चहा येईल, ‘आपलाच माणूस आहेस, आधी मला सांगायचं होतंस’ असं म्हणतील, तिथल्या तिथे अधिकाऱ्याला स्पीकरवर फोन लावतील आणि झापतील. तो फोन तुमच्यासाठी असतो, अधिकाऱ्यालाही ते माहीत असतं. त्यात अडकू नका, फक्त म्हणा की साहेब, हेच ठेकेदाराला डीएलपीखाली दुरुस्तीची लेखी नोटीस म्हणून निघू दे, प्रत आम्हाला द्या, आणि फोटो काढायचा असेल तर नोटीस निघाल्यावर त्या कागदासोबत काढू.